शनिवार, दहाची फेरी

आज सहाजण. दोघांकडे छत्र्या, एकाकडे कुत्रा.
पुलाच्या मधोमध थांबवतो मी सगळ्यांना, नेहमीसारखं,
आणि धबधब्याकडे पाठ करून बोलतो,
म्हणजे फोटोत तो येतो, आणि मी का ओरडतोय तेही.

ही अँड्रोस्कॉगिन, म्हणतो.
माझ्या लहानपणी हिला फेस यायचा, धोबीघाटाच्या हौदासारखा.
जुलैत नुसत्या वासानं
काठावरच्या घरांचा रंग सोलून निघायचा,
चांदीचे चमचे काळे पडायचे,
ज्यांच्याकडे होते त्यांचे.
हसतात. या वाक्याला हसतातच.

मग कालवा. हातानं खणलेला, आयरिश हातांनी.
त्यांच्यामागून क्युबेकहून आगगाडीनं आम्ही:
पोरं, गाठोडी, भिंतीवरून उतरवलेला ख्रिस्त.
हजेरीच्या वहीत पेलेतिएचे पेल्की झालो.
कारकुनाला घाई होती.

आणि कापूस कुठून यायचा?
छत्रीवाल्या मुलीनं विचारलं. क्वचितच विचारतं कोणी.
दक्षिणेतून, म्हणालो, आणि साल सांगितलं.
पुढचं सालानंच सांगितलं असावं तिला.
ती कठड्यावरून पाणी बघत राहिली
आणि आम्हांला थांबावं लागलं.

चार नंबरची गिरणी. आता वर भाड्याची घरं,
खाली दातांचा डॉक्टर, बिअरचा अड्डा.
चौथा मजला मात्र रिकामा आहे अजून.
तेल प्यायलेल्या फळ्या. साचे उपटले तिथली भोकं.
सहाशे माग होते इथे, म्हणतो मी.
पाटीवर चारशे आहेत. पाटी चुकलीय म्हणतो.
खरं तर मला माहीत नाही.

'मोजणार कोण?' मागून कुणीतरी म्हणालं.
करडा कोट, हातात डब्याची पिशवी,
तिकीट न काढता पुलावरूनच मिसळलेली म्हातारी.
ब्लांदीन विलेट. एकोणतीस वर्षं, दुसरी पाळी.

आणि चालत गेली सरळ दालनाच्या टोकाला,
पार त्या शेवटच्या खिडकीशी,
वळली,
आणि बोलायला लागली.
ओठ ताणून, गोल करून, पुन्हा ताणून.
आवाज नाही.
कुत्रेवाल्याला वाटलं झटका आला. पाणी काढलं त्यानं.

परत आली ती मजेत.
'मी विचारलं, रात्री काय शिजवणार?
असंच बोलायचो. धोट्यांच्या त्या गडगडाटात
कान काय कामाचे?
कोण बाळंत झाली, कुणाचा नवरा कुठे झोपतो,
मुकादम मधोमध उभा, त्याला गंध नाही.'

सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

कारण माझी आई जेवताना
मावशीकडे बघून असेच ओठ हलवायची.
आम्हां पोरांना वाटायचं, जपमाळ.
आणि शेवटच्या आठवड्यात, त्या पांढऱ्या खोलीत,
पुन्हा तसेच ओठ, ताणून, गोल करून.
नर्सनं कागदावर लिहिलं: भ्रमिष्ट.
मी वाकलो तिच्यावर. श्वास धरला.
अगदी जवळ नेऊन कान लावला.

कान.

यानंतर घड्याळाचा मनोरा असतो, तो मी विसरलो.
कुणी आठवणही केली नाही.
लिस्बन स्ट्रीटवर उतरलो थेट.
तिथे होदानचं कापडाचं दुकान, मोगादिशूच्या होदानचं,
पूर्वी जिथे ब्लांदीनच्या काकाचे बूट विकले जायचे.
ब्लांदीननं दारात टांगलेल्या ठाणाची किनार उलटली,
अंगठ्यानं चोळली. 'पॉलिएस्टर,' म्हणाली,
पण सोडली नाही लगेच.

होदान काचेआडून आम्हांला काहीतरी म्हणाली.
दुकान बंद आहे, की आत या, की हात लावू नका.
रस्त्यावर ट्रक होता.
मला कळलं नाही.
मी बघत होतो मात्र.